समालोचकाने बाहेर फिरताना आपल्या संघाचा टी-शर्ट घालावा का?

घाला. बिनधास्त घाला.

तुम्ही लिहिलंय की गावातल्या सामन्यांचं समालोचन यूट्यूबवर सुरू केलंय, गावच्याच संघाचा टी-शर्ट घालून बाजारात गेलात आणि मित्र म्हणाला, "आता तुझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?" हा मित्र वाचूनच ओळखीचा वाटला. असला एक माझ्याही वाट्याला आलाय, म्हणून लिहायला बसलो.

मी नाशिकचा. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, पण मोसम सुरू झाला की निफाड, दिंडोरी, सिन्नर पट्ट्यातल्या कबड्डी स्पर्धांना माइक माझ्या हातात असतो. टीव्हीवरचा नाही, मैदानावरच्या भोंग्याचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या मंडळाचा टी-शर्ट मरून, कॉलरवाला. छातीवर मंडळाचं नाव, पाठीवर एका कृषी सेवा केंद्राची जाहिरात. धुवून धुवून त्यातलं 'द्राक्ष' तेवढं उरलंय, 'औषधे' कधीच गेलंय. मी तो भाजी आणायला घालतो, गाडी धुताना घालतो, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाघाटावर, पाहुण्यांना फिरवायला नेतानाही घालतो. पोरगा असताना याच मंडळात मातीत लोळलोय, लपवायचं काय?

तर एका रविवारी सकाळी तोच अंगात घालून बायकोसोबत मिसळ खायला गेलो. संध्याकाळी आमच्या मंडळाची उपांत्य फेरी होती, समोर बाहेरच्या जिल्ह्यातला संघ. आता नाशकात आलेला माणूस रविवारी सकाळी मिसळ खाणार नाही तर काय करणार? त्या संघाचा मॅनेजर दोन टेबलं सोडून बसला होता. त्यानं आधी पाठ वाचली, मग तोंड पाहिलं, आदल्या रात्री भोंग्यावर ऐकलेला आवाज ओळखला आणि फोटो काढला. माझा दुसरा पाव यायच्या आत फोटो संयोजकांच्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, 'हे तुमचे तटस्थ निवेदक.'

अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे स्पर्धेचे सर्वेसर्वा, माझ्यापेक्षा वयानं मोठे, मैदानासाठी जन्म घालवलेला माणूस. "सर, आज तुम्ही प्रेक्षकांत बसा. वाद नको. निवेदकाला गाव नसतं, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं?" मी म्हणालो, "अण्णा, गाव नसलेला निवेदक आणणार कुठून? कोल्हापूरहून मागवलात तरी त्याला कोल्हापूर असेलच की." फोन ठेवला त्यांनी.

संध्याकाळी माइकवर दुसरा मुलगा. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री, गळ्यात संयोजकांचं ओळखपत्र. मुख्य प्रायोजकाचा भाचा. आणि ते प्रायोजक आमच्याच मंडळाचे जुने आश्रयदाते! पण शर्ट पांढरा, म्हणजे माणूस तटस्थ. सगळे खूश.

कबड्डी बघणाऱ्याला नियम माहीत आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही आणला तर चढाईपटू बाद. खेळाच्या भरात कितवी चढाई चाललीय हे पोरं विसरतात. मोठ्या स्पर्धेत समोर फलक असतो, कोचही ओरडतो. आमच्याकडे फलक म्हणजे एक खडूची पाटी, ती अर्ध्या मैदानाला दिसत नाही, आणि गोंगाटात कोचचा आवाज पोचत नाही. पोचतो फक्त भोंगा. टीव्हीवरच्या समालोचकाचं मैदानातल्या खेळाडूला काहीच ऐकू जात नाही, आमचं प्रत्येक अक्षर जातं.

त्या भाच्यानं काय केलं? आमची तिसरी चढाई आली की, "तिसरी चढाई, तिसरी चढाई, आता खेळायलाच लागेल!" समोरच्यांची तिसरी आली की टाळ्यांचं आवाहन, आमदारांचं स्वागत, पार्किंगमधली पांढरी बोलेरो काढून घेण्याची विनंती. एकदा नाही, सामनाभर हेच. आमची बचावाला सहा पोरं असली की बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा जादा गुण) चालू असल्याचं सांगायचंच नाही, त्यांची सहा असली की दोनदा सांगायचं. शेवटची काही मिनिटं राहिली होती. त्यांचा डावा चढाईपटू, उंचापुरा, चांगला खेळणारा पोरगा, बोनसलाही पाय न टाकता निवांत मध्यरेषेला हात लावून परत आला. पंचांची शिट्टी, पोरगा बाद. त्याला कळेना काय झालं. ती तिसरी होती.

आम्ही दोन गुणांनी जिंकलो. हो, आम्हीच. माझ्या मंडळानं फायनल गाठली म्हणून मी नाचायला हवं होतं. पाण्याच्या ड्रमजवळ तो पोरगा भेटला. माझ्या अंगात अजून तोच मरून टी-शर्ट. तरी मलाच म्हणाला, "दादा, तो माइकवाला त्यांना सांगत होता, आम्हाला का नाही सांगितलं?" मी काय बोलणार? माइक माझ्याकडे असताना मी दोन्ही बाजूंची तिसरी चढाई पुकारतो, हे आमच्या पट्ट्यातला कुठलाही कोच सांगेल. आमच्या मंडळातली पोरं तर त्यावरून मला शिव्या घालतात, "सर, तुम्ही आपले की त्यांचे?"

मॅनेजरसाहेबांनी मात्र त्या सामन्यानंतर कुठल्याच ग्रुपवर फोटो टाकला नाही. इस्त्रीच्या शर्टात पक्षपात दिसत नाही ना.

तुमचा मित्र म्हणेल, मोठे समालोचक असं करत नाहीत. रिची बेनो घ्या. चॅनल नाइनवरचा त्यांचा क्रीम कोट जगाला आठवतो. पण त्यांचा गाजलेला नियम कोटाचा नव्हता, तोंडाचा होता: 'आम्ही' आणि 'ते' नावाचे संघ जगात नाहीत, म्हणून माइकवर ते शब्द वापरू नयेत. बेनो ऑस्ट्रेलियाचे कर्णधार होते, कुणाचा माणूस हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यानं काही बिघडलं नाही. आपले बाळ पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळले आणि मग मराठीतून क्रिकेट ऐकवलं. त्यांचं ऐकताना कुणी विचारलं का, तुम्ही महाराष्ट्राचे, तुमच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तर बहुतेक स्थानिक समालोचक संघाच्याच पगारावर किंवा संघाच्या पसंतीचे असतात. विन स्कली १९५० ते २०१६, ६७ मोसम डॉजर्स या संघाच्या सामन्यांवर बोलले. कोट-टाय घालून बसायचे आणि समोरच्या संघाच्या फटक्याचंही मनापासून कौतुक करायचे. तिकडेच उघड घरच्या संघाची री ओढणारेही आहेत, त्यांना लोक 'होमर' म्हणतात आणि आवडीनं ऐकतातही, कारण माणूस कुणाचा ते सगळ्यांना माहीत असतं. आणि २०२३ च्या आयपीएलमध्ये आपला केदार जाधव जिओसिनेमावर मराठी समालोचन करत होता. बेंगळुरू संघाचा डेव्हिड विली जखमी झाला, त्याच्या जागी त्यांनी केदारला बोलावलं, यानं माइक ठेवून जर्सी चढवली. त्याआधीही तो बेंगळुरूकडून खेळलेला होता. मग आधीच्या सामन्यांत तो बोलला ते सगळं खोटं ठरवायचं का?

खरा दाब पगार देणाऱ्याचा असतो. २०२० मध्ये संजय मांजरेकर क्रिकेट बोर्डाच्या समालोचकांच्या यादीतून गेले, तेव्हा त्यांच्या कपड्यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. म्हणून बाजारातल्या टी-शर्टपेक्षा मला पाकिटाची काळजी जास्त. तुम्हाला संघ पैसे देतो का, प्रायोजक कोण, चॅनेल कुणाच्या जागेतून चालतं? हे मित्राला सांगितलंय का?

आता थोडं आवरतं घेतो, नाहीतर म्हणाल हा माणूस काहीही घाला म्हणतो. सामन्याच्या वेळी माइकवर बसताना मी स्वतः मंडळाचा टी-शर्ट घालत नाही, साधा शर्ट घालतो. पाहुण्या पोरांना उगाच चिडवायचं कशाला? पंच आणि गुणलेखकांनी तर बाजारातही घालू नये, त्यांच्या हातात निकाल असतो. शाळकरी मुलांच्या स्पर्धेतही नको, आईबाप लगेच पेटतात. आणि फायनलच्या दिवशी समोरच्या गावात तो घालून चहा प्यायला जाऊ नका, एवढी अक्कल तुम्हाला असेलच. मोठ्या चॅनेलवर करारात कपड्यांची अट असेल तर ती पाळा, तिथे माझं तत्त्वज्ञान चालणार नाही.

पण गोल्फ क्लबवर, म्हणजे आमच्या अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचा रणजी सामना असेल, सत्यजित बच्छाव गोलंदाजीला येत असेल, आणि सुट्टीच्या दिवशी कुणी समालोचक महाराष्ट्राची टोपी घालून स्टँडमध्ये वडापाव खात बसला असेल, तर त्याला जाब विचारणाऱ्यानं आधी स्वतःची बॅग उघडून दाखवावी.

तुमच्या चॅनेलसाठी एवढंच करा: व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगून टाका, 'मी अमुक मंडळाचा, आज सामना त्यांचाच आहे.' मग समोरच्या संघाच्या कोचला सामन्याचं रेकॉर्डिंग पाठवा आणि विचारा कुठे खटकलं. तो दोन-चार जागा दाखवेल, त्या मित्रालाही दाखवा.

आणि अण्णा, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे, तुमचा धाकटा मला इथे फॉलो करतो. यंदा माइक भाच्याला द्या, पुतण्याला द्या, माझी हरकत नाही. फक्त स्पर्धेच्या पत्रकात नियम छापून घ्या: तिसरी चढाई आणि बोनस दोन्ही संघांचे पुकारले जातील. पत्रकाचं प्रूफ माझ्याकडे पाठवा, मी तपासून देतो. रविवारी मिसळीच्या टेबलावर आणलंत तरी चालेल, मी कुठला टी-शर्ट घालून येणार ते तुम्हाला ठाऊकच आहे.