नेटवर्क लोड बॅलन्सरमागचा डेटाबेस खरंच काम करतोय का, हे आपोआप कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एक प्रायमरी (जिथे लिहिलं जातं) आणि दोन रेप्लिका (त्याच्या चालू प्रती) असे तीन पोस्टग्रेस डेटाबेसचे सर्व्हर, त्यांच्यापुढे एडब्ल्यूएस या क्लाउडचा नेटवर्क लोड बॅलन्सर, म्हणजे येणारं ट्रॅफिक सर्व्हरांत वाटणारा. डेटाबेस लटकला तरी बॅलन्सर त्याला ‘हेल्दी’च दाखवतो, मग रात्री कुणीतरी उठून तो सर्व्हर हाताने बाजूला काढतं. हे आपोआप व्हावं, पण त्या भरात चांगला सर्व्हर बाहेर फेकला जाऊ नये.

बॅलन्सरला डेटाबेसचं पोर्ट तपासायला लावू नका. प्रत्येक डेटाबेसशेजारी एक छोटा एजंट, म्हणजे तपासणीचा प्रोग्रॅम, बसवा, खरी तपासणी त्याला करू द्या आणि बॅलन्सरला फक्त त्या एजंटला एचटीटीपीवर विचारू द्या. मात्र प्रायमरी कोण, हे बॅलन्सरनेही ठरवायचं नाही आणि या एजंटनेही नाही. लोक बहुतेक वेळा पहिली गोष्ट करतात आणि दुसरी विसरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी महाप्याला एमआयडीसीत डेटाबेस सांभाळतो, राहायला ठाण्यात. काही वर्षांपूर्वी आमचा एक ग्राहक वाशीच्या मार्केटमधल्या व्यापाऱ्यांसाठी बिलांचं सॉफ्टवेअर चालवायचा. जुलैतली रात्र होती, अडीचच्या सुमारास फोन आला की गाड्या लागल्यात, माल उतरलाय, पण एकही पावती निघत नाही. प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकाच्या चालू सर्व्हरांना, हात लावायची सोय तेव्हा फक्त ऑफिसातून होती. त्या वेळेला ठाणे-वाशी लोकल नसते. रिक्षा केली, तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलेलं. वळसा घालून महाप्याला पोचेपर्यंत चार वाजले. स्क्रीन उघडली तर बॅलन्सरच्या पानावर तिन्ही सर्व्हर हिरवे. प्रायमरीची स्टोरेज डिस्क गोठली होती. पोस्टग्रेसला जोडता येत होतं, पण कुठलीही क्वेरी परत येत नव्हती. हातात दुधी, टोमॅटोचे क्रेट घेऊन माणसं पावतीसाठी उभी होती आणि आमची यंत्रणा दीड तास सांगत राहिली की सगळं ठीक आहे. हे मला आजही लागतं.

असं का होतं, ते एकदा नीट समजून घ्या. टीसीपी हेल्थ चेक म्हणजे बॅलन्सर पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर जोडणी मागतो, ती झाली की सर्व्हर पास. पण ही जोडणी पोस्टग्रेस करतच नाही, लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, करतं. टीसीपीचा तीन टप्प्यांचा हँडशेक कर्नल परस्पर पुरा करतं आणि ती जोडणी रांगेत ठेवून देतं. पोस्टग्रेसने ती पुढे कधी घ्यायची ते त्याचं त्याने बघायचं. घोडबंदर रोडवरच्या टॉवरचा वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो आणि बसायला खुर्ची देतो, तेवढ्यावरून वरच्या फ्लॅटमध्ये कुणी जागं आहे की नाही ते कळत नाही. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) स्वतः करून बघा: पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला सिगस्टॉप हा थांबवण्याचा सिग्नल पाठवा, म्हणजे ती जागच्या जागी थिजते. मग दुसऱ्या मशीनवरून पोर्टला जोडा. जोडणी होते. रांग भरेपर्यंत होतच राहते. तुमचा बॅलन्सर आज एवढंच बघतोय.

आता एजंट. पायथनमध्ये शंभर-दीडशे ओळींत होतो. त्याचे दोन पत्ते ठेवा, एक ‘लिहिता येतंय का’ आणि दुसरा ‘वाचता येतंय का’. बॅलन्सरवरही दोन वेगळे टार्गेट ग्रुप (सर्व्हरांचे गट), दोन वेगळे लिसनर (जोडण्या घेणारी पोर्टं). तिन्ही सर्व्हर दोन्ही ग्रुपमध्ये नोंदवायचे. कुठे कोण पास होईल ते एजंटच्या उत्तरावर ठरू द्या. नेटवर्क लोड बॅलन्सरमध्ये ट्रॅफिक ५४३२ वर आणि हेल्थ चेक दुसऱ्याच पोर्टवर एचटीटीपीने, असं करता येतं. एजंटने २०० हे एचटीटीपीचं ‘ठीक’ उत्तर दिलं तर ठीक, ५०३ (‘सेवा बंद’) दिलं तर बाहेर.

एजंटने विचारायचं काय? ‘सिलेक्ट १’ पुरेसं नाही, कारण त्याला डिस्कला हात लावावाच लागत नाही. आमच्याकडे ठोक्याचं (हार्टबीटचं) एक टेबल आहे, एकच ओळ, एकच वेळेचा रकाना. प्रायमरीवरचा एजंट दर ५ सेकंदांनी त्यात आत्ताची वेळ लिहून कमिट (पक्की नोंद) करतो. कमिट झालं म्हणजे डिस्कवर खरंच लिहिलं गेलं. तुमच्याकडे सिंक्रोनस रेप्लिकेशन (रेप्लिकेनेही नोंद घेतल्यावरच कमिट पुरं होणं) असेल, तर या एका सेशनसाठी सिंक्रोनस कमिट ‘लोकल’ ठेवा. नाहीतर रेप्लिका पडली की प्रायमरीचं कमिट तिची वाट बघत बसेल आणि धडधाकट प्रायमरी आजारी दिसेल.

या टेबलाचा दुसरा उपयोग रेप्लिकांवर होतो. रेप्लिका किती मागे आहे हे मोजायला बहुतेक जण तिच्यावर लागू झालेल्या शेवटच्या व्यवहाराची प्रायमरीवरची कमिटची वेळ घेतात आणि आत्ताच्या वेळेतून वजा करतात. दिवसा हे बरोबर येतं. पण रात्री तीन वाजता कुणी काही लिहीतच नसेल, तर शेवटचा व्यवहार तासाभरापूर्वीचा असतो. रेप्लिका अगदी अद्ययावत असूनही लॅग एक तास दिसतो आणि दोन्ही रेप्लिका एकदम बाहेर पडतात. चांगला सर्व्हर फेकला जाण्याची तुमची भीती इथे खरी ठरते. ठोका दर ५ सेकंदांनी पडत असला की हा घोटाळाच उरत नाही: रेप्लिकेवर तीच ओळ वाचायची, तिच्यातली वेळ किती जुनी ते बघायचं. सर्व्हरांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने) जुळलेली हवीत, एवढी एकच अट. मर्यादा किती ठेवायची ते तुमच्या कामावर आहे. रिपोर्टसाठी आम्ही ६० सेकंद चालवून घेतो. खात्यातली शिल्लक दाखवायची असेल तर मी ५ पेक्षा जास्त ठेवणार नाही, आणि त्यासाठी ठोकाही दर सेकंदाला हवा.

वेळेची मर्यादा एजंटच्या बाजूने घाला. फक्त पोस्टग्रेसच्या स्टेटमेंट टाइमआउटवर विसंबू नका. डिस्क गोठते तेव्हा प्रोसेस कर्नलच्या अशा झोपेत जाते की तिच्यापर्यंत कुठलाही सिग्नल पोचत नाही. टाइमआउट असतो, पण तो अमलात आणायला कुणी जागंच नसतं. आमच्या त्या रात्री हेच झालं होतं. २ सेकंदांत उत्तर आलं नाही तर एजंटने स्वतःच हात झटकावेत आणि ५०३ द्यावं.

आणखी एक. बॅलन्सर विचारेल तेव्हाच क्वेरी मारायची, असं करू नका. नेटवर्क लोड बॅलन्सरची तपासणी अनेक ठिकाणांहून होते आणि निकाल सहमतीने ठरतो, त्यामुळे तुम्ही लावलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त विचारणा सर्व्हरवर येऊन आदळतात. एजंटने तपासणी स्वतःच्या तालात करावी आणि शेवटचं उत्तर हातात ठेवावं; बॅलन्सर विचारेल तेव्हा तेच द्यावं. पण त्या उत्तराला मुदत हवी. ते १५ सेकंदांहून जुनं असेल तर आपोआप ५०३. ही मुदत घातली नाही आणि एजंटमधला तपासणारा धागा (थ्रेड) अडकला, तर तो शेवटचं ‘ठीक आहे’ दिवसभर वाटत बसेल, म्हणजे आपण परत विटाव्याच्या पुलाखालीच.

जोडण्या संपल्या तर काय, हा खरा अवघड प्रश्न. पोस्टग्रेसमध्ये मॅक्स कनेक्शन्स मुळात १०० असतात. अ‍ॅपच्या चुकीने ते भरले की एजंटलाही जागा मिळत नाही. म्हणून सर्व्हर बाहेर काढायचा का? माझं मत स्पष्ट ‘नाही’ आहे. तोच लोंढा दुसऱ्या सर्व्हरवर जाईल, तो भरेल, मग तिसरा. आजार अ‍ॅपमध्ये असताना डेटाबेस बदलून गुण येत नाही. अशा वेळी ऑन-कॉल माणसाला फोन जावा, सर्व्हर जागेवर राहावा. आवृत्ती १६ पासून पोस्टग्रेसमध्ये ठरावीक रोलसाठी जोडण्या राखून ठेवता येतात. एजंटच्या युजरला तो रोल द्या. म्हणजे गर्दीतही एजंट आत शिरू शकतो आणि ‘भरलंय’ व ‘मेलंय’ यातला फरक त्याला कळतो. त्या युजरला बाकी काही अधिकार नकोत: मॉनिटरिंगचा तयार रोल आणि ठोक्याच्या टेबलावर हात, बस.

आता प्रायमरी कोण, याकडे येतो. एजंट पोस्टग्रेसला विचारू शकतो, ‘तू रिकव्हरीत (म्हणजे दुसऱ्याच्या नोंदी लागू करत) आहेस का?’ ‘नाही’ आलं तर तो प्रायमरी. वरवर बरोबर वाटतं. पण समजा प्रायमरीचं नेटवर्क तुटलं, कुणीतरी रेप्लिकेला बढती देऊन प्रायमरी केलं आणि दहा मिनिटांनी जुना प्रायमरी परत जोडला गेला. आता दोघंही ‘मी रिकव्हरीत नाही’ म्हणतील, दोघंही लिहिण्याच्या ग्रुपमध्ये पास होतील आणि तुमच्या निम्म्या पावत्या इकडे, निम्म्या तिकडे. हे नंतर जुळवायला दिवसच्या दिवस जातात आणि पैशांचा हिशेब असेल तर ते पूर्ण जुळत नाहीच. म्हणून प्रायमरी कोण हे एकाच जागी ठरावं, जिथे बहुमत लागतं. पॅट्रोनी (पोस्टग्रेसचा प्रायमरी सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि त्यामागे एटसीडी (बहुमताने चालणारं नोंदींचं छोटं भांडार) ही जोडी मी वापरतो. एटसीडीतली लीडरची किल्ली ज्याच्याकडे, तोच प्रायमरी. किल्लीची मुदत मुळात ३० सेकंदांची असते. ती टिकवता आली नाही तर जुना प्रायमरी स्वतःहून पायउतार होतो. पॅट्रोनीचा स्वतःचा एचटीटीपी पत्ता ८००८ पोर्टवर असतो आणि ‘प्रायमरी’ या वाटेवर तो फक्त किल्लीधारकालाच २०० देतो. माझा एजंट आधी त्याला विचारतो, मग ठोका तपासतो. दोन्ही ‘हो’ असतील तरच लिहिण्याच्या ग्रुपला ‘हो’.

एक सापळा मात्र बॅलन्सरमध्येच आहे. टार्गेट ग्रुपमधले सगळे सर्व्हर नापास झाले, तर हा बॅलन्सर ट्रॅफिक थांबवत नाही, उलट सगळ्यांकडे पाठवायला लागतो. लिहिण्याच्या ग्रुपमध्ये एरवीही एकच जण पास असतो, त्यामुळे फेलओव्हरच्या, म्हणजे नवा प्रायमरी येईपर्यंतच्या, त्या अर्ध्या मिनिटात हे हमखास घडणार. पोस्टग्रेसची रेप्लिका लिहूच देत नाही, ती चूक परत करते, म्हणून तुमचं नुकसान टळतं. मायएसक्यूएलवाले हे वाचत असतील तर त्यांनी प्रत्येक रेप्लिकेवर ‘सुपर रीड ओन्ली’ आजच लावावं. नाहीतर याच अर्ध्या मिनिटात रेप्लिकेवर नोंदी पडतील आणि कुणाला कळणारही नाही. मायएसक्यूएलमध्ये नुसत्या टीसीपी चेकचा वेगळाच त्रास आहे: जोडून लगेच सोडलेली जोडणी तो चूक म्हणून मोजतो आणि अशा १०० चुका सलग झाल्या की त्या आयपीलाच बंदी घालतो. ट्रॅफिकही बॅलन्सरच्याच आयपीने येत असेल तर सगळं अ‍ॅप बाहेर.

बॅलन्सरच्या सेटिंगबद्दल थोडंच. तपासणी मुळात दर ३० सेकंदांनी असते आणि दोनदा नापास झाल्यावर सर्व्हर बाहेर, म्हणजे साधारण एक मिनिट जातं. मी १० सेकंद आणि ३ वेळा ठेवतो. याहून घाई केली की बॅकअपच्या वेळी डिस्क जरा मंदावली तरी सर्व्हर आत-बाहेर करतो. क्रॉस-झोन (एका झोनमधून, म्हणजे डेटा सेंटरांच्या गटातून, दुसऱ्या झोनमधल्या सर्व्हरकडे ट्रॅफिक पाठवणं) चालू करा, ते मुळात बंद असतं. नाहीतर लिहिणारा एकच सर्व्हर असल्यामुळे तो नसलेल्या झोनमधून वाट बंद होते. एजंटचं पोर्ट फक्त बॅलन्सरच्या सबनेटला उघडं ठेवा. पॅचिंगसाठी एक साधी सोय करा: ठरावीक नावाची फाइल सर्व्हरवर ठेवली की एजंट ५०३ द्यायला लागेल. रात्रीची निम्मी हातकामं या फाइलने संपतात. आणि अ‍ॅपने तुटलेली जोडणी टाकून नव्याने प्रयत्न करायला शिकलं पाहिजे. बॅलन्सरने कितीही नीट वाट बदलली तरी पूलमधल्या (आधीच उघडून ठेवलेल्या) जुन्या जोडण्या अ‍ॅपच्याच हातात असतात.

सगळं लावून झालं की पहिले दोन आठवडे एजंट नुसता बोलू दे. बॅलन्सर जुन्याच टीसीपी चेकवर ठेवा आणि एजंटने कधी-कधी ५०३ दिलं असतं ते लॉगमध्ये बघा. पहाटेचा बॅकअप, महिनाअखेरचे रिपोर्ट, व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची जुन्या ओळींची साफसफाई), हे सगळं त्या काळात एकदा तरी येऊन जायला हवं. मग स्टेजिंगवर सिगस्टॉप द्या, डिस्क भरा, फायरवॉलने नेटवर्क तोडा, एजंटच मारून टाका. चारही वेळा काय होतं ते घड्याळ लावून लिहा. त्यानंतरच प्रॉडक्शन, आणि तेही आधी वाचण्याचा ग्रुप.

तुमच्याकडे पॅट्रोनी आहे की बढती हातानेच देता, आणि रेप्लिकेशन सिंक्रोनस आहे का, हे दोन्ही खाली लिहा. बढती हाताने देत असाल तर लिहिण्याचा ग्रुप अजून आपोआप करू नका, तोवर फक्त वाचण्याचा करा. एजंटचा साचा माझ्याकडे आहे, ग्राहकाचे तपशील काढून इथे टाकतो.