डुक्कर आणि घोड्याच्या पोस्टमार्टममध्ये रोगाचे लिजन्स फोटोंवरून शिकता येतात का?

फोटोंवरून लिजनची (रोगामुळे अवयवात दिसणाऱ्या बदलांची) नावं पाठ होतात. प्रेतासमोर उभं राहिल्यावर त्यातलं निम्मं उपयोगी पडत नाही.

तुम्ही लिहिलंय की पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहात, कॉलेजात शेळ्या, म्हशी आणि कोंबड्यांचे पोस्टमार्टम (पीएम) होतात, डुक्कर आणि घोडा क्वचितच येतो, म्हणून कोणत्या रोगात काय दिसतं ते फोटोंवरून पाठ करायचंय. करा, तोंडी परीक्षेला लागेल. पण पुस्तकातला फोटो धुतलेल्या, ताज्या, चांगल्या उजेडातल्या अवयवाचा असतो. आपल्याकडे येणारं जनावर पहाटे मेलेलं असतं आणि आपण दुपारी पोहोचतो. नाशिक जिल्ह्यात सरकारी नोकरीत मी उघड्यावर, नाल्याकाठी, एकदा तर द्राक्षबागेच्या बांधावर पीएम केलेत. मी पाहिलेले बहुतेक चुकीचे अहवाल मेल्यानंतर झालेल्या बदलाला रोग समजून लिहिलेले होते. त्यातला एक मला आजही खटकतो.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. पंचवटीतली वरातीची घोडी. मे महिना, लग्नसराई जोरात. वरात उरकून रात्री परत आली आणि मध्यरात्रीपासून लोळायला लागली. घाम, पोटाकडे मान वळवून बघणं, उठबस. पहाटे गेली. विमा होता म्हणून पीएम. माझे वरिष्ठ सर आणि मदतीला मी, असे आम्ही दुपारी तिथे पोहोचलो तेव्हा पोट ढोलासारखं तटतटलं होतं. उजवी कूस खाली ठेवून उघडली तर पोटात सगळीकडे भिजलेला हरभरा आणि कुट्टी. जठराच्या मोठ्या वळणावर लांब फाट. सर म्हणाले, "झालं. जठर फुटलं. खुराक जास्त घातला. लिही."

घोडेवाले काका बाजूलाच उभे होते. "साहेब, वरातीवरून आल्यावर तिनं पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही हो. खुराक दुपारचा."

मी फाटीची कड हातात धरली. कड फिकट, पातळ, कुठे रक्त साकळलेलं नाही, सूज नाही. ओमेंटमवर (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर) पडलेला हरभरा पाण्याच्या एका तांब्यात निघून गेला आणि खालचा पडदा चकचकीत. जिवंतपणी फुटलेल्या जठराची कड लाल-काळी, सुजलेली असते, बाहेरच्या स्नायूच्या थराची फाट आतल्या श्लेष्मल थरापेक्षा लांब असते, आणि खाद्याचे कण आतड्यांवर चिकटून बसलेले असतात, पुसले तरी जात नाहीत. फुटल्यानंतर जनावर लगेच मेलं तर पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या अस्तराचा दाह) दिसणार नाही हे मान्य, पण कडेला रक्तस्राव तरी दिसतोच. इथे काहीच नव्हतं. जठर मेल्यावर, गॅसच्या दाबाने फुटलं होतं.

मग घोडी मेली कशाने? मी म्हटलं, सर, लार्ज कोलन पूर्ण बाहेर काढू. ते घड्याळ बघत होते. हे मोठं आतडं ओढून काढलं तर मुळाशी, सीकमजवळ (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीजवळ) पीळ. पिळाच्या एका बाजूला आतडं फिकट गुलाबी, दुसऱ्या बाजूला काळसर लाल, भिंत बोटभर जाड, कापली की चिकट लालसर पाणी गळतंय. आणि दोन्हींच्या मध्ये सुरीने आखावी तशी रेघ.

सर म्हणाले, "अरे, पीळ मेल्यावर पण पडतो." पडतो की. उचलताना, वळवताना प्रेतातली आतडी गुंतू शकतात. पण तेव्हा पिळाच्या दोन्ही बाजूंचा रंग सारखा असतो. रक्त वाहतं असेल तरच ते अडतं. मेलेल्या जनावराची शीर पिळली तरी तिच्यामागे रक्त साचून भिंत जाड होत नाही. मी हे बोललो. उत्तर मिळालं, "पीएम आहे हा, थिसिस नाही." अहवालात गेलं "अतिखाद्यामुळे जठर फुटून मृत्यू", आणि विम्यात अतिखाद्य म्हणजे मालकाचा हलगर्जीपणा. दावा अडकला. काकांना वस्तीत ऐकून घ्यावं लागलं की हावरटपणे घोडीला खाऊ घालून मारली.

सर आता निवृत्त आहेत. स्नेहमेळाव्यात भेटले की आजही "काय रे, तुझा तो पीळ!" म्हणून हसतात. सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगतो, फाटीची कड फिकट होती. तिथेच विषय संपत होता.

तर, रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी कड, मग हाताला लागणारा घट्टपणा, मग दोन्ही बाजूंची तुलना. डुकराचं एकच फुप्फुस गडद असेल आणि ते खालच्या कुशीचं असेल, तर ते बहुतेक मेल्यावर रक्त खाली उतरल्याचं चिन्ह. न्यूमोनियात पुढचे-खालचे लोब बहुधा दोन्हीकडे धरलेले असतात, दाबले की घट्ट लागतात, तुकडा पाण्यात टाकला की बुडतो. घोड्याच्या हृदयात पिवळी, लवचिक, चमकदार गाठ दिसली की नवे डॉक्टर थ्रॉम्बस (जिवंतपणी शिरेत साकळलेली रक्ताची गाठ) लिहितात. घोड्याच्या लाल पेशी भराभर खाली बसतात, म्हणून मेल्यावर तशी गाठ त्याच्यात नेहमीची. थ्रॉम्बस कोरडा, खरखरीत आणि भिंतीला चिकटलेला असतो; तो शोधायचा तर आतड्यांना रक्त नेणारी क्रेनियल मेसेंटेरिक धमनी उघडा, स्ट्रॉन्गायलस कृमीच्या अळ्यांनी केलेलं काम तिथे सापडतं. घोड्याची चरबी पिवळसर असते, कावीळ लिहू नका. जठरात बॉट माशीच्या अळ्या लटकलेल्या दिसतील, त्यांच्या माथी मृत्यू मारू नका. (एका अहवालात मी "पित्ताशय आढळले नाही, बहुधा गळून पडले" असं घोड्याबद्दल वाचलंय. घोड्याला पित्ताशय नसतंच. डॉक्टरसाहेब बढती घेऊन गेले.)

डुकराचं थोडक्यात. चरबीमुळे प्रेत आत गरम राहतं आणि लवकर कुजतं, त्यामुळे हिरवट पोट आणि फेसाळ यकृत यांना काही अर्थ नाही. स्वाइन फीव्हरमध्ये मूत्रपिंडावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, प्लीहेच्या कडेला काळे उंचवटे आणि मोठ्या आतड्यात बटन अल्सर. हे अल्सर लोकांना सापडत नाहीत, कारण वासामुळे कोलन कुणी उघडतच नाही. इलिओसीकल व्हॉल्व्हपासून (लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या झडपेपासून) सुरुवात करून आतडं लांबीत चिरा, पाण्याखाली धरा. गोल, उंच, करड्या-पिवळ्या चकत्या बोटाने चोळूनही जात नाहीत, शेण जातं. मात्र हे रेंगाळलेल्या आजारात दिसतं. झटकन मेलेल्या डुकरात नसेल तर रोग नाही असं समजू नका. प्लीहा खूपच मोठी, काळी आणि हातात तुटणारी, आणि जठर-मूत्रपिंडाजवळच्या लसिका ग्रंथी रक्ताच्या गोळ्यासारख्या दिसल्या तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा संशय धरा. हा रोग भारतात 2020 मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. साध्या डोळ्यांनी दोन्ही फीव्हर खात्रीने वेगळे करता येत नाहीत. जो म्हणतो मला येतात, त्याच्यापासून लांब राहा. प्लीहा, टॉन्सिल, लसिका ग्रंथी बर्फावर पाठवा, फॉर्मेलीनमध्ये नाही. आफ्रिकनची तपासणी भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते.

आणि हे वाचल्याशिवाय सुरी उचलू नका. नाका-गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त, झपाट्याने फुगलेलं प्रेत, अर्धवट ताठरपणा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, माणसालाही होणाऱ्या जिवाणूरोगाचा, संशय. उघडायचं नाही. कानाच्या शिरेतून रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पातळ थर) घ्या, बस. डुकरात तो बऱ्याचदा घशाच्या सुजेच्या रूपात येतो. घोडा, खेचर किंवा गाढवाच्या नाकात व्रण, पायावरच्या लसिकावाहिन्या दोरीसारख्या जाड आणि त्यावर गाठी दिसल्या तर ग्लँडर्स. नाकाच्या पडद्यावरचा ताऱ्यासारखा व्रण बघायचाय म्हणून कवटी चिरत बसू नका, हा रोग माणसाला होतो आणि जीव घेतो. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. नमुने हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात जातात. येवल्याच्या किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून नवीन आणलेलं जनावर असेल तर हे आधी डोक्यात ठेवा.

कोणत्या रोगात काय दिसतं त्याची पूर्ण यादी तुम्ही मागितली होती, ती मी दिलेली नाही. ती कुठल्याही चांगल्या पॅथॉलॉजीच्या पुस्तकात आहे. एरिसिपेलसचे चौकोनी चट्टे आणि यकृतावरचे मिल्क स्पॉट तिथे रंगीत मिळतील. त्यापेक्षा कत्तलखान्यात, परवानगी काढून, निरोगी डुकराची प्लीहा आणि लसिका ग्रंथी हातात घेऊन बघा. घोडा तसा मिळणार नाही, तर कॉलेजच्या ॲनॅटॉमी विभागाच्या मागे लागा.

अहवालात निदानाआधी वर्णन लिहा: जागा, आकार सेंटीमीटरमध्ये, कड, घट्टपणा, रंग, शिवाय मृत्यूची आणि पीएमची वेळ. तपासणीचा पीस (अवयवाचा तुकडा) निरोगी आणि रोगी भागाच्या सीमेवरून घ्या, अर्ध्या सेंटीमीटरहून जाड नको, फॉर्मेलीन पिसाच्या दहापट आणि बरणी रुंद तोंडाची; अरुंद बाटलीत घातलेला पीस कडक झाल्यावर बाहेर निघत नाही. फोटो काढताना लिजनशेजारी पट्टी ठेवा, एक फोटो लांबून आणि एक कडेचा जवळून. आणि वरिष्ठ घाईत असतील तर कडेचा फोटो त्यांनी सही करायच्या आधी काढा.