योआकिम त्रियर कोण आणि त्याचा कोणता सिनेमा आधी पाहावा?

नॉर्वेचा दिग्दर्शक. जन्म 1974, कोपनहेगनमध्ये. वाढला मात्र ऑस्लोत. आजोबा एरिक लोखेन स्वतः दिग्दर्शक, त्यामुळे सिनेमा घरातच होता. तरी हा पठ्ठ्या आधी स्केटबोर्डिंगमध्ये नाव काढत होता. त्याचेच व्हिडिओ शूट करता करता कॅमेरा हातात बसला, मग इंग्लंडच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये रीतसर शिकला.

2006 मध्ये 'रिप्राइज', 2011 मध्ये 'ऑस्लो, ऑगस्ट 31', 2021 मध्ये 'द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड' ही त्याची ऑस्लो-त्रयी. पटकथा एस्किल फोक्तसोबत. तिन्हींत दिसणारा अँडर्स डॅनिएल्सन ली हा पेशाने डॉक्टरही आहे, हे वाचून मी उडालोच होतो!

सुरुवात 'वर्स्ट पर्सन'पासूनच करा. त्यात नायिका दिव्याचं बटण दाबते आणि अख्खं शहर जागच्या जागी थिजतं. ती मात्र धावत सुटते. ही सगळी कॉम्प्युटरची करामत नाही, माणसं खरोखरच न हलता उभी केली होती. रेनाते राइन्सवेला या भूमिकेसाठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

मधला इंग्रजी 'लाउडर दॅन बॉम्ब्स' मला तितकासा भावला नाही. 2025 च्या 'सेंटिमेंटल व्हॅल्यू'ला कानचं ग्राँ प्री (तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार) मिळालं, तो दुसरा पाहा.