संकटात देवाचे आभार मानता येत नाहीत, म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची नोकरी गेली, त्यात सासूबाईंचं डायलिसिस चालू, आणि मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक घरी येऊन सांगतात उपकारस्तुती करा, देवाचे आभार माना, पण तोंडातून शब्दच निघत नाही. मी काय पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, खानापूर तालुक्यातला शेतकरी माणूस, भात आणि थोडा ऊस, पण मला विचाराल तर विश्वास कमी बिमी काही नाही तुमचा.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक एकदा पूर्ण वाचा, सगळं गमावलेल्या माणसाची गोष्ट आहे ती. लोक पहिल्या अध्यायातलं ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ एवढंच उचलतात आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन ऐकवतात, पण तिसऱ्या अध्यायात तोच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतोय ते कोण सांगत नाही. देव त्यालाही चांगलं खडसावतो, खोटं कशाला बोलू, पण 42 व्या अध्यायात राग निघतो तो उपदेश करणाऱ्या मित्रांवर, की ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत म्हणून! त्या मित्रांनी एकच काम बरं केलं होतं, सुरुवातीला सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तुमच्याकडं येणाऱ्यांना एवढं सांगा की.

बायबलमधल्या स्तोत्रांतही बघा, 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटाला गोड काही नाही. आणि वधस्तंभावर येशूने ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हटलं ते 22 व्या स्तोत्रातलंच. म्हणजे भांडायचं तर देवाशीच भांडा, त्याला चालतं.

आता आभार कशाचे मानायचे? आजाराचे नाही हो! 2019 च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला पूर आला तेव्हा आमच्या घराची मागची मातीची भिंत बसली, भात पाण्याखाली कुजलं, आणि आमची आई काय ‘थँक्यू प्रभू, भिंत पडली’ म्हणाली नाही, बरेच दिवस प्रार्थनेलाच बसली नाही. मग एक दिवस बसली आणि शेजारच्या लिंगायत काकूंचं नाव घेतलं, ज्यांनी आम्हाला त्यांच्या सोप्यात जागा दिली, रोज भाकरी करून घातल्या. एवढंच, दुसरं काही मागितलं नाही की काही नाही. त्या वर्षी हंगाम सणाला (पिकाचे आभार मानायचा चर्चचा सण) वेदीपुढं ठेवायला भाताचं पोतं नव्हतं तर परड्यातले नारळ घेऊन गेली, वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात कुणीतरी ते भलत्याच किमतीला घेतले (आमच्या मंडळीत लिलावाला लोकांना जोर चढतो, भोपळ्यावरून दोन भावांची चुरस बघितलीय मी). पाळकांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय घेतला होता, अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. सगळ्यांना हाच भाग पाठ असतो, पण हाच हबक्कूक पहिल्या अध्यायात ‘मी किती वेळ ओरडू, तू ऐकत नाहीस’ म्हणून देवाला धरून बसलाय. आधी ते बोलून झालं मग हे आलं, आणि मला वाटतं ते न बोलता हे आलंच नसतं.

तर तुम्ही जबरदस्तीनं मोठी प्रार्थना करू नका. सासूबाईंना दवाखान्यात नेणारा रिक्षावाला असेल, सुई नीट टोचणारी नर्स असेल, त्यांचं नाव घ्या, आणि जमलं तर त्या माणसालाही तोंडावर सांगा. गाणं येत नसेल तर कॉटेज प्रेयरला (कुणाच्या तरी घरी होणाऱ्या प्रार्थनासभेला) नुसतं जाऊन मागं बसा, बाकीचे गातात की, येशूचा प्रचार करणारे पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते तेही दोघं होते, एकटा कोण नव्हता.

आणि हो, बीपीएल कार्ड असेल तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस मोफत होतं, 2016 पासून केंद्राची योजना आहे. जाऊन विचारा, सोबत रेशन कार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट न्या, आणि मंडळीतल्या त्या उपदेश करणाऱ्यांपैकीच एकाला रांगेत उभं राहायला घेऊन जा.