कॉर्न सिरप मिळत नाही, घरी त्याच्याऐवजी काय करता येईल?

होतंय की घरी, लई सोपं आहे. रेसिपीत कॉर्न सिरप, म्हणजे मक्यापासनं केलेला दाट गोड पाक, घालतात ते गोडीपेक्षा पाकाची साखर परत बसू नये म्हणून, आणि ते काम लिंबू पण करतंय, आंबटामुळं साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि पाक रवाळ होत नाही.

2 वाट्या साखर, पाऊण वाटी पाणी, 1 मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. साखर विरघळेपर्यंतच हलवा, उकळी आली की चमचा अजिबात घालू नका! पातेल्याच्या कडेला जे बारीक दाणे चिकटतात ना तेच आत पडून सगळा पाक बिघडवतात, म्हणून 3 मिनिटं झाकण ठेवायचं म्हणजे वाफेनं ते धुऊन जातात, मग झाकण काढून मंद आचेवर आटवा. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की मऊ गोळी झाली पाहिजे, थर्मामीटर असेल तर 115 डिग्री. गार झाल्यावर मधासारखं दाट होतंय, जास्तच घट्ट झालं तर चमचाभर गरम पाणी घालून परत गरम करा. कोरड्या काचेच्या बरणीत महिनाभर तर आरामात राहतं.

डार्क सिरप पाहिजे असेल तर यात थोडी काकवी मिसळा, आपल्या बेळगाव भागात गुऱ्हाळं चालू झाली की ताजी मिळते, वास काय सुंदर येतो. कडक चिक्की टाइप गोष्टीला मात्र हे वापरू नका, फ्रुक्टोज दमटपणा ओढून घेतं आणि चिक्की चिकट होते, त्याला बेकरी सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोजच आणा.