गाडी नेमकी कधी तापते?

भावा, गाडी तापते म्हणून लगेच रेडिएटर बदलायला धावू नकोस. आधी गाडी नेमकी कधी तापते ते बघ. सायनच्या सिग्नलला टेम्परेचरचा काटा चढतो आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला पळायला लागली की उतरतो, असं असेल तर पहिला संशय पंख्यावर. इंजिन गरम होऊनही पंखा फिरत नसेल तर एसी लाव. एकच पंखा असलेल्या गाडीत तो एसीवर फिरला, म्हणजे मोटर चांगली आहे; टेम्परेचर स्विच (इंजिन तापलं की पंखा चालू करणारा) आणि त्याची वायर तपास.

उलट हायवेलाच तापत असेल, तर रेडिएटर आतून चोक झालाय किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात तापव. बहुतेक गाड्यांत साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात, तसं अजिबात करू देऊ नकोस.

नळाचं पाणीही भरू नकोस, कूलंटच वापर. माझा एक रेडिएटर असाच गंजून गेला, अजून हळहळ वाटते.

गळती नसताना पाणी कमी होतंय, ऑइल दुधाळ दिसतंय? मग हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं असणार. गाडी टो करूनच ने. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप उघडू नकोस, निदान अर्धा तास थांब.