सार्वजनिक अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पदव्युत्तर अभ्यासासाठी तू सार्वजनिक अर्थशास्त्र, म्हणजे सरकारचे कर, खर्च आणि त्यांचे परिणाम यांचा अभ्यास, निवडलेस आणि सुरुवात कोठून करावी, असे विचारलेस. त्याच पत्रात दुसराही एक प्रश्न होता: बाजारात सरकारने हस्तक्षेप करावा की करू नये? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. तो अशा रूपात विचारला की त्याचे उत्तर अभ्यासाआधीच ठरलेले असते आणि पुढचे सारे वाचन त्या उत्तरासाठी पुरावे गोळा करण्यात जाते. त्याऐवजी एखादी योजना घ्यावी, तिच्यासाठी पैसा कोठून आला, निर्णय कोणी घेतला आणि लोकांनी तिला प्रतिसाद म्हणून आपले वागणे कसे बदलले, हे शेवटपर्यंत तपासावे, असे मी सुचवतो.

घरातल्या कोणाच्या तरी पगारपत्रकापासून आरंभ कर. महाराष्ट्रात कायम नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि फेब्रुवारीत मात्र ३०० रुपये. वर्षाची बेरीज २५०० होते, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने या कराला तेवढीच मर्यादा घातली आहे. १९८८ पर्यंत ती २५० रुपये होती. साठाव्या घटनादुरुस्तीने ती दहापट केली आणि तेव्हापासून ती जागची हललेली नाही. किमती वाढत असताना रुपयांत गोठवलेली मर्यादा म्हणजे दरवर्षी होणारी छोटीशी करकपातच असते, फक्त ती कोणत्याही विधिमंडळाने चर्चा करून मंजूर केलेली नसते. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो काम मागणाऱ्या ग्रामीण मजुराला काम देण्याची हमी घेणाऱ्या रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने भरलेल्या करात राज्याने तेवढीच भर घालावी आणि त्यातून ग्रामीण मजुराची मजुरी भागवावी, अशी ती रचना होती.

रोजगार हमी आणि कापूस एकाधिकार खरेदी या दोन्ही योजना महाराष्ट्रात १९७२ च्या आसपास, दुष्काळाच्या त्याच काळात उभ्या राहिल्या. दोन्हींमागे एकच राज्य सरकार होते आणि दोन्हींचा हेतू ग्रामीण माणसाला आधार देण्याचा होता. रोजगार हमीने पुढे संपूर्ण देशाला कायद्याचा नमुना पुरवला, कापूस खरेदी तोट्याच्या ओझ्याखाली विरत गेली. हा फरक का पडला, हे तू स्वतः शोधून काढलेस तर पाठ्यपुस्तकातील निम्मे सिद्धांत तुला वेगळे पाठ करावे लागणार नाहीत.

कापसाचे आधी पाहू. १९७१ च्या कायद्याने राज्यात कापूस खरेदीचा अधिकार एकट्या शासनाच्या यंत्रणेकडे आला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून खरेदी सुरू झाली. व्यापारी मापात आणि प्रतवारीत फसवतो, हंगामात भाव पाडतो, ही तक्रार खरी होती. तिच्याकडे दुर्लक्ष करून योजनेची टिंगल करणाऱ्यांचे मला कधी पटले नाही. हमीभाव द्यायचा, चांगल्या वर्षी झालेल्या नफ्यातून शेतकऱ्याला बोनस द्यायचा आणि त्यातलाच काही भाग चढउतार निधीत ठेवून वाईट वर्षी वापरायचा, ही कल्पना विम्यासारखी होती आणि कागदावर ती निर्दोष दिसते. आता नकाशा पाहा. यवतमाळच्या शेजारी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले आदिलाबाद, जळगावच्या वर मध्य प्रदेश, नंदुरबारच्या पलीकडे गुजरात. एकाधिकार महाराष्ट्रापुरता होता, सीमा मात्र खुल्या होत्या. बाहेर भाव चढला की कापूस बंदी झुगारून परराज्यात जाई आणि बाहेर भाव पडला की सारा माल, कधीकधी पलीकडचासुद्धा, आपल्या केंद्रांवर येई. म्हणजे ज्या वर्षी निधी भरायचा त्या वर्षी माल नाही आणि ज्या वर्षी तो रिता होणार त्या वर्षी मालाचा पूर. चांगल्या काळात सभासदाला बाहेर पडता येते आणि वाईट काळात आत येता येते, असा विमा टिकत नाही. पुस्तकात याला प्रतिकूल निवड म्हणतात आणि उदाहरण बहुधा आरोग्यविम्याचे देतात.

त्यात भर पडली भाव ठरवण्याच्या पद्धतीची. नव्वदच्या दशकात राज्याने केंद्राच्या हमीभावापेक्षा अधिक दर जाहीर करण्यास सुरुवात केली. दर वाढवल्याचे श्रेय त्याच दिवशी मिळते आणि तोटा मात्र काही वर्षांनी हिशेबात उतरतो. कोणत्याही पक्षाच्या सरकारला हा मोह आवरणे अवघड आहे. चुकारे लांबू लागले, तेव्हा जाहीर दर आणि हातात पडणारा पैसा यांतले अंतर शेतकऱ्याने ओळखले. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली.

रोजगार हमीची बीजे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगात होती. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिची खुबी अशी की लाभार्थी निवडण्यासाठी दाखला, यादी किंवा शिफारस लागत नसे. उन्हात खडी फोडण्याचे काम आणि बेताची मजुरी, एवढ्यावर ज्याला गरज आहे तोच येई. ज्याची परिस्थिती बरी, तो आपणहून दूर राही. गरीब कोण, हे सरकारला कळणे कठीण असते. या योजनेने ते शोधण्याचे कामच सरकारकडे ठेवले नाही.

तरीही तिच्याकडे भक्तिभावाने पाहू नकोस. १९८८ मध्ये किमान वेतन वाढले आणि त्याबरोबर योजनेची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. मजुरी वाढली तर अधिक माणसे कामावर यायला हवीत. प्रत्यक्षात उपस्थिती घसरली. अर्थतज्ज्ञांनी हे आकडे तपासले तेव्हा मागणी कमी झाली नव्हती, तर पुरेशी कामेच निघत नव्हती, असा निष्कर्ष निघाला. मजुरीचा दर किमान वेतनाला बांधलेला असेल आणि खर्चालाही मर्यादा असेल, तर कात्री काम मिळणाऱ्यांच्या संख्येला लागते, आणि कामाशिवाय परतलेल्या मजुराची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. हमीचे कलम मात्र शब्दशः तसेच राहते. व्यवसाय करातून जमा किती झाले आणि योजनेवर खर्च किती झाला, याचा वर्षवार तक्ता तूच तयार कर. माझ्या मते प्रबंधाचा विषय त्यातून निघेल.

सैद्धांतिक तयारीबद्दल थोडेच सांगतो. सूक्ष्म अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्के हवे, त्याला पर्याय नाही. लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी आणि पुरवठा किती बदलतात, हे समजल्याशिवाय कराघात (कायद्याने कर कोण भरतो) आणि करभार (शेवटी तो कोणाच्या खिशातून जातो) यांतला भेद समजणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. कायद्याने ते निर्यातदाराने भरायचे होते. परंतु परदेशी ग्राहकाला इतर देशांचा कांदा मिळत असल्यामुळे निर्यातदार तो बोजा पुढे ढकलू शकत नाही, म्हणून तो लासलगावच्या लिलावातच कमी बोली लावतो. भार शेतकऱ्यावर येतो आणि दिलासा शहरातल्या गिऱ्हाइकाला मिळतो. हे योग्य की अयोग्य, हा नंतरचा प्रश्न. आधी भार कोणावर पडला, हे आकड्यांनी दाखवता आले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध अवश्य वाच. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वित्त आयोग केंद्राचे कर राज्यांत कसे वाटतो यावरची आजची भांडणे त्यानंतर अधिक स्पष्ट दिसतील. बाबासाहेबांचे अर्थशास्त्र आपल्याकडे गौरवाने उल्लेखले जाते आणि फार थोडे वाचले जाते, याची मला खंत आहे.

शेवटी कामाची एक सूचना. राज्याचा अर्थसंकल्प उघडशील तेव्हा घोषणांचे भाषण बाजूला ठेव आणि तपशिलाचे खंड घे. त्यात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम असे वेगवेगळे स्तंभ असतात. वर्तमानपत्रे पहिल्याची बातमी देतात, अभ्यास तिसऱ्याचा करायचा असतो, आणि तो आकडा दोन वर्षे उशिरा हाती येतो. सोबत महालेखापरीक्षकांचा अहवाल ठेव. एकाच लेखाशीर्षाची, म्हणजे अर्थसंकल्पातल्या एकाच खात्याची, दहा वर्षांची मालिका पुढच्या पत्रासोबत पाठव. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जिथे मोठी तफावत दिसेल तिथे खूण कर, म्हणजे त्यावर बोलता येईल.

कळावे.